कागद कोणाचा, माप कोणाचे?

चैत्र उजाडला म्हणजे आपल्याकडे गावोगाव व्याख्यानमालांचे मांडव पडतात. आणि त्याच सुमारास, हनुमान जयंतीपासून, डहाणू तालुक्यात महालक्ष्मीची यात्रा भरते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नावाचे ठिकाण आहे. डहाणूकडून जव्हारकडे जाणारा रस्ता तेथे महामार्गास छेदतो. देवीचे मंदिर तेथून फार लांब नाही. यात्रेच्या दिवसांत वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांतील माणसे पाड्यापाड्यांतून येतात, आणि त्यांच्या शेजारून महामार्गावर मालमोटारींची अखंड रांग चाललेली असते.

त्या मालमोटारींपैकी कोणतीही एक थांबवून चालकाजवळची बिल्टी मागून पाहावी. माल कोणता, नग किती, वजन किती, कोठून निघाला, कोठे उतरवावयाचा, भाडे कोणी द्यावयाचे, हे सारे त्या लहानशा कागदावर लिहिलेले असते. लोखंडाच्या सळया असोत की चिकूच्या पेट्या असोत, बिल्टीवाचून त्या नाका ओलांडीत नाहीत. निर्जीव मालाविषयी एवढी दक्षता माणसाने संपादन केली आहे. परंतु ज्या भूमीवरून हा रस्ता जातो, तेथेच ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी एका जित्याजागत्या माणसाचे सारे आयुष्य कागदाच्या एका चिटोऱ्यावर लिहून घेतले जात असे, आणि त्या कागदावर वजन, माप, मुदत यांपैकी काहीही नसे. आजच्या व्याख्यानात आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते या दोन कागदांतील अंतराविषयी.

करार स्पष्ट कसा लिहावा, हा विषय वरवर पाहता वकिलांचा किंवा बांधकामाच्या ठेकेदारांचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात काय म्हणून शिरावे? परंतु कोणत्याही काळात कोणाचे कोणावर किती चालत असे, हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्या काळचे करार वाचावेत. त्यांत लिहिलेले जितके बोलके असते, तितकेच न लिहिलेलेही बोलके असते.

डहाणू आणि त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यात लग्नगडी नावाची चाल होती. वारल्याच्या घरी लग्न निघाले म्हणजे देज, धान्य, ताडी, पाहुण्यांचे जेवण यांसाठी पैसा लागे. तो त्याच्यापाशी नसे. मग तो जमीनदाराकडे किंवा सावकाराकडे जाई, काही रुपये घेई, आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबण्याचे कबूल करी. नवरा राबे, त्याची बायको राबे, पुढे मुलेही राबू लागत. मुंबई सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन या अधिकाऱ्याने प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली. तिचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. या माणसांची अवस्था गुलामगिरीहून वेगळी मानता येत नाही, हे त्या अहवालाने सरकारच्या पुढे स्पष्टपणे मांडले.

आता हा करार म्हणून तपासून पाहू. पैसे किती दिले, हे त्यात असे. परंतु एका दिवसाच्या राबण्याचे मोल किती धरावयाचे? ते नसे. मध्यंतरी दिलेले धान्य कोणत्या भावाने खात्यावर चढवावयाचे? ते नसे. राबणे किती वर्षे? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, की रात्रीसुद्धा? बायकोने राबावे असे कोणी कबूल केले? हिशेब कोणी ठेवावयाचा, आणि तो चुकला तर निवाडा कोणी करावयाचा? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर नसे, आणि म्हणूनच प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ज्याच्या ओसरीवर वही असे, तो देई. ऋण शंभराचे असो की पन्नासाचे असो, राबण्याला दर नसल्यामुळे ते फिटण्याचा दिवस गणिताने काढताच येत नसे. संदिग्धता ही येथे लिहिणाऱ्याची चूक नव्हती. ती त्याची मिळकत होती.

कायदा त्या वेळी नव्हता असे नाही. हिंदुस्थानचा कराराचा कायदा १८७२ साली झाला आणि तो आजही चालू आहे. त्याचे एकोणतिसावे कलम सांगते की, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल होय. कायदा करणाऱ्यांनी त्याखाली उदाहरणेही दिली आहेत. एकाने दुसऱ्यास शंभर टन तेल विकण्याचे कबूल केले, पण कोणते तेल हे कळावयास काहीच मार्ग नाही, तर तो करार अनिश्चित म्हणून फोल. विकणारा केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर मात्र त्याच्या धंद्यावरून अर्थ समजतो आणि करार टिकतो. आणखी एक उदाहरण पांढऱ्या घोड्याचे आहे. तो पाचशे रुपयांस किंवा हजार रुपयांस विकीन, असे कोणी लिहून दिले, तर दोहोंपैकी कोणती किंमत हे कळत नाही, म्हणून तो करारही फोल. श्रोतेहो, घोड्याच्या किमतीविषयी कायद्याची एवढी बारीक नजर होती, आणि तो कायदा होऊन साठ-सत्तर वर्षे लोटली तरी लग्नगड्याच्या आयुष्याची किंमत अनिश्चितच राहिली. कारण कायद्याचे कलम आपण होऊन पाड्यावर चालत जात नाही. ते बजावून घ्यावयास वाचता यावे लागते, कचेरीपर्यंत जाण्याइतकी मोकळीक असावी लागते, आणि तेथे गेल्यावर परत घरी सुखरूप येण्याची खात्री असावी लागते.

आपल्या पूर्वजांना मापाचे महत्त्व माहीत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. शिवकालात अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली, तेव्हा प्रथम काठी ठरविली. पाच हात आणि पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. सारा ठरण्यापूर्वी काठी ठरली, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. हात आणि मूठ ही मापे कुणब्यालाही समजत. काठी खोटी असेल तर आपल्या हाताने मोजून तसे म्हणण्याची त्यास सोय होती. जुन्या मराठी कागदांवर निरक्षर कुणबी आपली निशाणी म्हणून नांगर काढी. त्या नांगराचा अर्थ असा की, मी अक्षरे जाणीत नाही, परंतु मी कोण आणि काय करतो, हे या कागदावर राहू दे.

पुढे नांगर गेला आणि अंगठा आला. त्याचीही कथा एका करारापासूनच सुरू होते. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी रस्त्याच्या खडीचा ठेका राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी ठरवीत होता. नंतर त्याने सही नाकारू नये, म्हणून हर्शेलने कराराच्या कागदावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची जी विद्या पुढे जगभर पसरली, तिच्या आरंभी हा खडीच्या ठेक्याचा कागद आहे. हा ठसा माणूस अचूक ओळखतो. पण त्या माणसाला कागद समजला होता की नाही, याविषयी तो एक अक्षर सांगत नाही.

या उणिवेचे फळ १८७५ त दिसून आले. त्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेस आरंभ झाला, आणि त्याच वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातच सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांना हवे होते ते मुख्यतः कागद, म्हणजे कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे. जेथे सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागद जाळले, लोक घरी गेले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ त दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिला जावा, त्याने दिलेल्या पैशाची पावती त्यास मिळावी, वर्षाचा हिशेब मागण्याचा त्यास हक्क असावा, अशी कलमे त्यात होती. याचा अर्थ, कागद कसा लिहिला जातो ही केवळ दोघांची खासगी बाब नव्हे, हे सरकारने मान्य केले. हे मोठे पाऊल होते, याविषयी शंका नाही. परंतु या कायद्यानेही शर्ती ठरविणारा बदलला नाही. शर्ती वाचून दाखविणारा तेवढा वाढला.

शर्ती ठरविणाराच बदलला, ती घटना चारोटीच्या परिसरात घडली, आणि म्हणूनच आम्ही तिकडे पुन्हा वळतो.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातील थोडे वारली तिला गेले होते. त्यांच्यापैकी माह्या धांगडा याने व्यासपीठावरून आपल्या लोकांची हकीकत सांगितली. पुढे २३ मे रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी, वारल्यांची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य तिच्या मागे होते. तेथे जे ठरले ते चार गोष्टींत सांगता येते : रोख बारा आणे मजुरी दिल्यावाचून जमीनदाराच्या खासगी जमिनीवर काम करू नये, वेठ करू नये, मारहाण झाली तर प्रतिकार करावा, आणि सर्वांनी एकजूट राखावी. यातील पहिली गोष्ट पाहावी. काम कोणते, मोबदला किती, आणि तो धान्यात की रोखीत, हे एका वाक्यात आले आहे. अक्षरशत्रू म्हणून ज्यांची हेटाळणी होई, त्या लोकांनी तोंडपाठ ठेवण्याजोगा करार तयार केला होता.

पावसाळा संपला. दसऱ्यानंतर या भागात गवत कापणीचा हंगाम सुरू होतो. डहाणूकडील गवत गठ्ठे बांधून मुंबईस जाई आणि तेथील जनावरे त्यावर जगत. या कापणीसाठी वारल्यांनी मागणी केली, ती अशी : पाचशे पौंड गवतास अडीच रुपये. आम्हांस असे वाटते की, कराराची भाषा शिकविणाऱ्या शाळेत हे वाक्य पहिल्या पाठात घालावे. त्यात विशेषण एकही नाही. ‘योग्य मजुरी’ नाही, ‘पुरेसा मोबदला’ नाही, ‘रीतीप्रमाणे’ तर मुळीच नाही. कारण रीत कोणाची होती हे त्यांस पक्के ठाऊक होते. काम वजनाने मोजावयाचे, वजनाचा आकडा हा, पैशाचा आकडा हा. ज्याने गवत कापले तो काट्यापाशी उभा राहून आपली मजुरी बोटांवर मोजू शकेल. शिवाय पौंड हे माप व्यापाऱ्याच्या ओळखीचे होते. ज्या मापाने माल विकला जाणार, त्याच मापाने तो कापणाऱ्यास पैसे मिळावेत, यात एक न्याय आहे. भारा मोठा की लहान, ही तक्रारच उरत नाही.

या वाक्याची किंमत मात्र रक्ताने द्यावी लागली. संप चालू असता गोदावरीबाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवास धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरविण्यात आला. हजारो लोक तलवाडा येथे जमले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी पोलिसांचा गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मारले गेले. ज्या समाजात निरोप तोंडोतोंडी जातो आणि तो कोणी धाडला हे पडताळून पाहण्याचे साधन नसते, तेथे खोटा शब्द किती घातक ठरतो, हे त्या दिवशी दिसले. तरीही संप मोडला नाही, आणि अडीच रुपयांचा दर जमीनदारांना मान्य करावा लागला.

पुढल्या वर्षी प्रश्न जंगलातील मजुरीचा होता. येथे पाचशे पौंडांसारखे माप चालण्याजोगे नव्हते. झाड जाड की बारीक, कूप डोंगरावर की सपाटीवर, लाकूड किती लांब ओढून आणावयाचे, यांवर मेहनत अवलंबून असते. नगावर दर लावला तर प्रत्येक झाडापाशी तंटा. तेव्हा मागणी झाली ती दिवसावर : रोजी किमान सवा रुपया. गवताला वजन आणि जंगलाला दिवस, असा हा विवेक होता. कोणत्या कामास कोणते माप लावावे, हाच तर कामाचा तपशील लिहिण्याच्या शास्त्रातील मुख्य प्रश्न आहे, आणि कुऱ्हाड हाती धरणाऱ्यास तो कारकुनापेक्षा अधिक चांगला कळतो. १९४६ च्या नोव्हेंबरात इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने किसान सभेशी करार केला आणि सवा रुपयाचा दर मान्य केला. एका बाजूस व्यापाऱ्यांचा संघ, दुसऱ्या बाजूस मजुरांची संघटना, आणि मध्ये एक कागद. ज्या वारल्याच्या बापाने लग्नासाठी आपला जन्म लिहून दिला असेल, त्याच्या वतीने झालेल्या या कराराचे महत्त्व आम्हांस फार मोठे वाटते.

येथे सर्व काही गोड झाले, असे सांगणे इतिहासास धरून होणार नाही. परुळेकर दांपत्यास जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले. ७ जानेवारी १९४७ रोजी पालघरकडे नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि आणखी पाच माणसे गेली. या लढ्याविषयी आणि तो लढविणाऱ्या पक्षाविषयी मतभेद तेव्हाही होते, आजही असतील. तो वाद येथे आम्ही काढीत नाही. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकीकत लिहिली. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे. आमचा मुद्दा एवढाच की, करार झाला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही. परंतु करारात आकडा असला, तर तो मोडला गेल्याचे निदान सर्वांना दिसते. लग्नगड्याचा करार कोणी मोडूच शकत नसे, कारण त्यात मोडण्यासारखे काही लिहिलेलेच नव्हते.

आता आपल्याकडे पाहू. आपण गावात राहणारे, शिकलेसवरलेले लोक. ते जुने कर्जरोखे कोणी लिहिले? जमीनदाराच्या वह्या कोणी ठेवल्या? अंगठ्याखाली ‘वाचून दाखविले, समजले’ असे कोणाच्या हस्ताक्षरात लिहिले गेले? लेखणी बहुधा आपल्यासारख्यांच्याच हाती होती, हे कबूल केल्यावाचून या इतिहासाचे वाचन प्रामाणिक होणार नाही. लिहिता येणे हे आपल्याकडे पुण्यकर्म समजले जाते. परंतु न वाचणाऱ्याच्या वतीने लिहिणे ही एक विश्वस्ताची जबाबदारी आहे, आणि ती आपण सदैव पाळली असे नाही.

उलट, आपल्यावर पाळी आली म्हणजे संदिग्ध शब्दाचा जाच आपल्यालाही कळतो. ज्यांनी घर बांधले आहे त्यांनी आठवून पाहावे. करारात लिहिलेले असते, ‘गिलावा उत्तम प्रतीचा करून देणे.’ पहिल्याच पावसात ओल येते, आणि मग उत्तम म्हणजे काय, यावर ओसरीवर वाद रंगतो. त्याऐवजी सिमेंट एक भाग, वाळू चार भाग, जाडी अर्धा इंच, सात दिवस पाणी मारणे, असे लिहिले असते, तर वाद ओसरीवर न होता फूटपट्टीवर मिटला असता. ‘लवकर’ याऐवजी तारीख लिहावी. ‘भरपूर’ याऐवजी संख्या लिहावी. ‘सोयीप्रमाणे’ हा शब्द आला की सोय कोणाची, असे विचारावे. आणि तंटा पडल्यास कोणाकडे जावयाचे, हे गोडी असतानाच लिहून ठेवावे, कारण बिघाड झाल्यावर ते ठरत नाही. काही सज्जन म्हणतात की, एवढे लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे होय. आमचा अनुभव उलट आहे. नीट लिहिलेल्या करारामुळे दोघे मित्र मित्रच राहतात. न लिहिलेल्यामुळे भाऊभाऊ कोर्टात उभे राहतात.

परंतु घरमालकाला निदान वाचता येते, वकील गाठता येतो. ज्याला ते येत नाही त्याचे काय? लग्नगडीची चाल मोडली. १९४८ त किमान वेतनाचा कायदा झाला. १९७६ त वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा होऊन असे सारे वेठीचे करार आणि त्यांखालील कर्ज रद्द ठरले. तरीसुद्धा ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे आजही पावसाळा सरला म्हणजे वीटभट्ट्यांवर जातात. जाण्यापूर्वी उचल घेतात. मजुरी हजार विटांवर ठरते. खर्ची म्हणून आठवड्याला काही रुपये मिळतात. आणि हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो. फुटलेल्या विटा कोणाच्या खात्यावर? अवकाळी पावसात भिजलेल्या कोणाच्या? वही कोणापाशी? या प्रश्नांची उत्तरे कागदावर असतात का, हे आपल्यापैकी ज्यांची घरे त्या विटांची आहेत, त्यांनी एकदा विचारून पाहावे. लिहावयास फार लागत नाही. एक लहान वही, तिच्या दोन सारख्या प्रती, एक भट्टीवाल्यापाशी आणि एक मजुराच्या घरी; आणि दर आठवड्यास दोहोंत एकच आकडा.

कराराची स्पष्टता ही व्याकरणाची गोष्ट नव्हे, असे आम्ही समजतो. भाषा कितीही शुद्ध असली, तरी माप एकाच्याच हाती असेल तर तो करार अंधारातलाच. आणि शब्द ओबडधोबड असले, तरी दोघांनाही स्वतः मोजून पाहता येत असेल तर तो स्पष्ट. चारोटीच्या आसपासच्या रानातील माणसांनी हे पाचशे पौंड गवत कापता कापता शिकून घेतले, आणि त्यासाठी पाच माणसे तलवाड्यास गमावली. आपण ते व्याख्यान ऐकून शिकत आहो, ही आपली सोय आहे. उद्या आपल्यापैकी कोणी गवंड्याशी, मोलकरणीशी, शेतावरच्या गड्याशी काही ठरविताना कागद पुढे ओढील, तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी त्याने समोरच्यास एवढेच विचारावे, ‘हे तुला मोजता येईल ना?’ त्याचे उत्तर ‘होय’ असे आले, म्हणजे मग खुशाल सही करावी.